पाट, पायडल आणि मी

सोमवार, २ डिसेंबर २०२४

गेमचा रिमोट पुन्हा पडला. हातातून नाही, मांडीवरून. ओढणीने मांडीला बांधला होता. पहिल्या फेरीत नीट राहिला, दुसऱ्या फेरीत गाठ सुटली आणि स्क्रीनवर माझा पहिलवान भिंतीकडे तोंड करून मार खात उभा! समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "राहू द्या ताई, ही फेरी नको मोजायला." मी म्हटलं, मोज. हरले ती पण मोजायची.

या रिमोटवर माझा किती राग आहे ते एकदा लिहूनच टाकते. ज्याने तो घडवला त्याने स्वतःचे दोन हात समोर धरून पाहिले आणि ठरवलं की जगात सगळ्यांचे असेच असणार. डाव्या अंगठ्याला दांडी. उजव्या अंगठ्याला चार बटणं — फुली, गोल, चौकट, त्रिकोण. इथवर माझी तक्रार नाही. उजवा अंगठा मला आहे आणि तो भलताच चपळ आहे. पण मागच्या बाजूला उजव्या बोटांसाठी आणखी दोन बटणं ठेवलीत, आर-वन आणि आर-टू. माझी ती बोटं दहावीच्या सुट्टीत गावी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेली. चारही. त्यामुळे उजव्या बाजूने रिमोट धरायलाच काही नाही, आणि मागची बटणं दाबायलाही काही नाही.

आमच्या गेममध्ये समोरच्याचा वार अडवायचा तो नेमका आर-टूने. म्हणजे मला मारता येतं, अडवता येत नाही. माझा डाव म्हणजे, अडवायची वेळ येण्याआधीच समोरच्याला आडवा करायचा. एवढ्यावर मी दुकानात येणाऱ्या निम्म्या पोरांना हरवते. बाकीचे निम्मे मला हरवतात, कारण त्यांना माझं गुपित कळलंय. त्या निम्म्यांचं काहीतरी केलं पाहिजे.

बुधवार, ४ डिसेंबर

जुनैदभाईंनी आज आवाजाचा प्रयोग केला. दुकान त्यांचं — धुळ्यात पारोळा रोडवर गेम झोन, टीव्ही पाच आणि काउंटरवर मी. बिघडलेले रिमोट ते स्वतः उघडून दुरुस्त करतात. आज त्यांनी लॅपटॉपला माइक जोडला. मी "अडव" म्हटलं की गेममध्ये वार अडवला जाणार, अशी योजना.

झालं काय, मी "अडव" म्हणेपर्यंत ठोसा बसून गेलेला असायचा. आणि शेजारच्या टीव्हीवरचे दोघं काहीही ओरडले की माझा पहिलवान उगाच हात वर करून उभा राहायचा! पुढे पोरांना त्यातच मजा वाटायला लागली. सगळं दुकान "अडव, अडव" करत होतं. समोरच्या मेडिकलवाल्याने डोकावून विचारलं, काय चोर पकडला का?

जुनैदभाई म्हणाले, "ये नहीं जमेगा ममता. तुझा आवाज तुझ्या हातापेक्षा स्लो आहे." मला ते ऐकून बरंच वाटलं.

शनिवार, ७ डिसेंबर

आर-टू हनुवटीने दाबून पाहिलं. मान आखडली, हनुवटीवर वळ उठलाय. नको.

मंगळवार, १० डिसेंबर

सापडलं!

दुपारी दुकानाच्या माडीवर साबेराचाचींना डबा द्यायला गेले होते. साबेराचाची म्हणजे जुनैदभाईंची अम्मी, ब्लाउज शिवतात. माझ्याशी बोलत होत्या, बघत माझ्याकडे होत्या, दोन्ही हात कापडावर, आणि खाली पाय मशीनच्या पायडलवर. काठाशी सुई आली की पाय आपोआप सैल. वळण संपलं की पुन्हा दाब. पायाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मी डबा तसाच हातात धरून उभी. चाची म्हणाल्या, "क्या हुआ बेटी, भूक लागली का?"

माझ्या पायांना काय झालंय? काही नाही. दहा वर्षं मी हाताच्याच मागे लागले होते. खाली दोन धडधाकट पाय नुसते चपला घालून बसलेत!

रविवार, १५ डिसेंबर

आज पाट तयार झाला. जेवायला बसतो तसाच लाकडी पाट, थोडा मोठा. त्यावर शिलाई मशीनच्या मोटरची दोन जुनी पायडलं. जुनैदभाईंनी त्यांच्या आतलं सगळं काढून साधी बटणं बसवली आणि एका जुन्या रिमोटला मागून वायरी जोडून त्या पायडलांपर्यंत आणल्या. उजव्या पायाला आर-टू, म्हणजे अडवणं. डाव्या पायाला आर-वन, म्हणजे पकड. रिमोट एका छोट्या स्टँडवर घट्ट बसवलाय, धरायची गरजच नाही. डावा हात दांडीवर, उजवा अंगठा चार बटणांवर.

पहिलीच फेरी आणि पाट फरशीवरून सुळकन पुढे. मी खुर्चीतून अर्धी खाली. सगळे हसले, मी पण हसले. चाची माडीवरून ओल्या गोणपाटाचा तुकडा घेऊन आल्या आणि पाटाखाली सारला. मग पाट हलेना.

आणि मग मी अडवलं. समोरच्याने लाथ उगारली, माझा पाय खाली गेला, स्क्रीनवर माझ्या पहिलवानाचे हात वर. ठप्प! दोन वर्षं हा गेम खेळतेय, हा आवाज माझ्या बाजूने पहिल्यांदा आला. डोळ्यांत पाणी आलं हे इथे लिहायला हरकत नाही. तिथे मी डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून सांगितलं.

शनिवार, २१ डिसेंबर

पायांचा गोंधळ संपत आलाय. आधी अडवायच्या जागी पकड व्हायची, पकडीच्या जागी अडवणं. चप्पल घालून तर जमतच नाही. अनवाणीच हवं, अंगठ्याच्या मुळाशी पायडल लागलं पाहिजे. आज संध्याकाळी त्या "बाकीच्या निम्म्यां"पैकी तिघांना ओळीने हरवलं. तिसरा म्हणाला, "ताई, तुम्ही पहिल्यासारखं खेळा ना." म्हटलं, पहिल्यासारखं आता तू खेळ.

आज मी कोणाचं ऐकणार नाही. माझ्यासारखी मीच!

रविवार, २९ डिसेंबर

जळगावला एका युवा मंडळाने गेमिंगची स्पर्धा ठेवलीय, एकोणीस जानेवारीला. आमचाच मारामारीचा गेम. मी नाव द्यायचं ठरवलं. जुनैदभाईंनी लगेच आयोजकांना फोन लावला, आयोजक हितेंद्रभाऊ म्हणून आहेत. जुनैदभाईंनी त्यांना हाताचं सांगितलं, पाटाचं सांगितलं, सगळं उघड. पलीकडून हितेंद्रभाऊ इतके खूश झाले की मलाच फोनवर बोलावलं. "ताई, तुम्ही जरूर या. तुमच्यासारख्या लोकांची समाजाला गरज आहे."

समाजाला गरज आहे का ते मला माहीत नाही. मला समोर खेळायला कोणीतरी तगडं हवंय.

सोमवार, २० जानेवारी २०२५

काल जळगाव. काल लिहायला अंगात त्राण नव्हतं. आज जुनैदभाईंनी दुकान बंद ठेवलंय, सगळं लिहिते.

सकाळची एसटी. पाट गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टरने विचारलं, "पेटी का ताई? भजनाला?" जुनैदभाई म्हणाले, "हां, मारामारीचं भजन."

हॉल मोठा होता. स्टेजवर टीव्ही, गालिचा, बॅनर. आम्ही पोचलो तर हितेंद्रभाऊ स्वतः दारात. मला थेट स्टेजवर नेऊन खुर्चीवर बसवलं. मला वाटलं, खेळाडूंना असंच बसवतात. मग माइकवर माझं नाव. जिद्द, संघर्ष, हार न मानणारी आपली भगिनी... आणि माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ, वर गुच्छ! लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला म्हणाला, "ताई, तो हात जरा दिसेल असा धरा." मी धरला. इतकी गोंधळले होते की सांगितलं ते केलं.

सत्कार संपला. फळ्यावर सोळा नावं लिहून जोड्या पाडलेल्या. मी खालून वर वाचलं, वरून खाली वाचलं. माझं नाव नाही. हितेंद्रभाऊंना विचारलं. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "ताई, तुमचा सत्कार होता ना आज. जेवण करून जा, भरीत-पुरी आहे."

म्हणजे जुनैदभाई तीन आठवडे ज्याला नाव देणं समजत होते, त्याला ते लोक पाहुणीला बोलावणं समजत होते. वाईट कोणाचंच नव्हतं मनात. आपल्याकडे ज्याचा एखादा अवयव कमी असतो त्याला खेळायला नाही बोलावत, शाल घालायला बोलावतात. त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

पण माझं डोकं तापलं. शाल घडी केली, टेबलावर ठेवली. त्यावर नारळ, त्यावर गुच्छ. माइक चालू होता की बंद ते मला माहीत नव्हतं. चालू होता. मी म्हटलं, "हे सगळं परत घ्या आणि फळ्यावर नाव घाला." हितेंद्रभाऊंचा चेहरा इतका उतरला की मलाच थोडी दया आली. मग पंच उठले, जीवरामसर म्हणून, आधी शाळेत खेळाचे मास्तर होते. म्हणाले, "चाळीसगावचा एक जण आलेला नाही. त्याचं पुसा, यांचं लिहा." लिहिलं. ममता, धुळे.

गालिच्यावर गोणपाट अंथरलं, पाट मांडला, चपला काढल्या. पहिला तोताराम, अमळनेरचा. तो मारेचना! नुसता मागे मागे सरकत होता. सत्कार पाहून बसलेला ना. पहिली फेरी मी अशीच जिंकले. त्याच्याकडे वळून म्हटलं, "भाऊ, मारणार नसशील तर मी उठते." मग मारलं त्याने, चांगलं मारलं, आणि हरला. दुसरा छगन, चोपड्याचा. त्याने दया-माया काही ठेवली नाही. घाम काढला. शेवटच्या क्षणी त्याची उडी मी अडवली आणि डाव्या पायाने पकड केली. लोक उभे राहिले. छगनने हात पुढे केला, उजवा. मी पण उजवाच दिला.

उपांत्य फेरीत बादल, भडगावचा. सगळे म्हणत होते हाच जिंकणार. तो माझ्यासमोर बसला नाही. सरळ जीवरामसरांकडे गेला. "सर, माझी हरकत आहे. आम्ही एका उजव्या हाताने सहा बटणं सांभाळतो. यांचा अंगठा मारतो आणि पाय अडवतो, दोन्ही एकाच वेळी. आम्ही बोट हलवेपर्यंत यांचा पाय खाली गेलेला असतो. हा त्यांचा फायदा आहे."

फायदा! माझा!

तिथे मी भांडलेच. म्हटलं, गाडीच्या गेमला तुम्ही स्टिअरिंग आणि पायडल चालवून घेता, मग इथे पायाला मनाई का? जीवरामसरांनी नियमांचा कागद वाचला. लिहिलेलं होतं, कंपनीचा साधा रिमोटच चालेल. "मुली, पाटाचं यात काहीच नाही. साध्या रिमोटवर खेळतेस का?" मी नाही म्हटलं. साधा रिमोट मला धरता येत नाही आणि मांडीला बांधून मार खायला मी जळगावला आले नव्हते. मला बाद केलं. पुढे बादल स्पर्धा जिंकला.

परतीच्या गाडीत जुनैदभाईंनी रुमाल पुढे केला. त्यांना वाटलं मी रडतेय. मी हसत होते. सकाळी बिचारी म्हणून शाल आणि दुपारी फायदा घेते म्हणून बाद! या हाताला आजवर लोकांनी काय काय म्हटलंय, पण त्याचा कोणाला धाक वाटला नव्हता. तरी खोटं कशाला लिहू, बादलशी खेळायला मिळालं नाही याचं अजून टोचतंय.

नारळ मात्र जुनैदभाईंनी पिशवीत टाकून आणला. चाचींनी चटणी केली.

बुधवार, २२ जानेवारी

साक्रीकडून आईचा फोन. गावात कोणीतरी तिला सत्काराचा फोटो दाखवला. मी शाल परत दिली म्हटल्यावर भडकली. "शाल वापस कसाले दिधी वं? थंडीना दिन शेतस. तुले नको व्हती ते माले लई येती."

मग विचारलं, जितनी का हारनी? म्हटलं, बाद झाले. बाद म्हणजे काय ते समजावलं: मी जिंकेन म्हणून समोरचा खेळायलाच तयार नव्हता. आई म्हणाली, "धाकली व्हती तैं बी तुनासंगे कोनी गोट्या खेये नही." आणि फोन ठेवला. लहानपणी मी सगळ्यांच्या गोट्या जिंकून न्यायचे! दुकानात दिवसभर ताठ मानेने बसले.

रविवार, २६ जानेवारी

बादल आला! भडगावहून, मोटारसायकलवर, स्वतःचा रिमोट खिशात घालून. सुट्टी म्हणून दुकान भरलेलं. काउंटरशी येऊन म्हणाला, "ताई, हरकत घेतली म्हणून राग असेल." म्हटलं, राग नाही, डाव बाकी आहे. बस.

पाच डाव खेळलो. तो त्याच्या रिमोटवर, मी पाटावर. काय खेळतो! एकदाही हात आखडता घेतला नाही. तीन मी जिंकले, दोन तो. तिसरा जिंकले तेव्हा दुकानातली पोरं बाकांवर चढली होती, जुनैदभाई दोघांना खाली ओढत होते.

मग म्हणाला, मला पाटावर बसू द्या. बसला. हात मारायला लागले की पाय विसरायचे, पाय दाबला की हात थांबायचे. स्वतःच्याच पहिलवानाला कोपऱ्यात अडकवून ठेवलं. उठताना मात्र डोळे चमकत होते. "मनी हरकत बराबरच व्हती, ताई. हाई चीज भारी शे."

त्याला चहा पाजला. आजच्याइतकी खूश मी दहावीचा निकाल लागला तेव्हाही नव्हते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

हितेंद्रभाऊंचा फोन. एप्रिलमध्ये पुन्हा स्पर्धा आहे. आधी त्यांनी माफी मागितली, खरोखरीची. मग म्हणाले, "कमिटीने मार्ग काढलाय ताई. दिव्यांगांचा वेगळा गट करतोय. पहिलं बक्षीस तुमचंच समजा." त्या गटात कोण कोण आहे, विचारलं. सध्या तरी मीच.

एकटीने धावायचं आणि एकटीने पहिलं यायचं! त्यापेक्षा शाल बरी होती, आईच्या तरी कामाला आली असती.

खूप वाद घातला. पाट साध्या गटात घ्यायला कमिटी तयार नाही, बाकीचे खेळाडू तक्रार करतील म्हणे. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, वेगळा गट करा. पण त्याला माझ्या हाताचं नाव द्यायचं नाही. पायडल गट म्हणा. आणि ज्याला यायचं त्याला येऊ द्या, बोटं मोजू नका. ते म्हणाले, तसं करू, पण ताई, त्यात दुसरं येणार कोण?

मी फोनवर तोऱ्यात बोलले. ठेवल्यावर तोरा उतरला. येणार कोण?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पाटावर बसले नाही आज. पोरांनी बोलावलं, म्हटलं डोकं दुखतंय. एकटीच्या गटासाठी सराव तरी कशाचा करायचा?

बुधवार, १२ फेब्रुवारी

हितेंद्रभाऊंचा पुन्हा फोन. पायडल गटात आणखी सात नावं आलीत, पहिलं बादलचं. सातही जणांना जुनैदभाईंकडून माझ्यासारखाच पाट करून हवाय. मी विचारलं, कोणाच्या हाताला काय झालंय ते आधी सांगा, त्या हिशेबाने बटणं लावावी लागतात. हितेंद्रभाऊ जरा घुटमळले. म्हणाले, "कोणाला काही झालेलं नाही ताई. सगळ्यांना दहा-दहा बोटं आहेत."